ताडोबा, मे महिना : बाटली, मोबाईल आणि तांब्याचं झाकण

वाघ दिसला. दोनदा. एकदा नुसती पाठ आणि एकदा चांगला दहा मिनिटं, उलटा चालत पाण्यात शिरून बूड भिजवत बसलेला. हे आधीच सांगून टाकते कारण ताडोबाहून आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, दिसला का, आणि नाही म्हटलं तर चेहरा असा करतात की जणू आपण पैसे भरून फसलो. वाघाचं वर्णन मी करत नाही, ते यूट्यूबवर पोत्यानं पडलंय.

मला लिहायचंय ते पर्यावरणपूरक वगैरे जे म्हणतात त्याबद्दल. बुकिंग करताना जे जे हॉटेल उघडून बघावं त्याच्या पानावर इको, ग्रीन, नेचर यातला एक तरी शब्द होताच, आणि मी त्याला भुलले हे कबूल करते. आम्ही चौघं, मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने नागपूर आणि पुढे भाड्याची गाडी. विमान नको असं मीच म्हटलं होतं, त्यात पर्यावरणाचा भाग थोडा आणि तिकिटाच्या दराचा भाग जास्त, उगाच खोटं कशाला सांगू.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना जे दिसतं ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. दुर्गापूरजवळ औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि ते अवाढव्य कुलिंग टॉवर, २९२० मेगावॉटचं केंद्र आहे ते, मग पद्मापूरची कोळसा खाण, रस्त्याच्या कडेच्या झाडांवर काळी पूड बसलेली, ट्रकच्या मागे ट्रक. आणि तिथून जेमतेम अर्ध्या तासात आगरझरी, मोहर्ली, साग, बांबू, ऐन, धावडा. मुलगा म्हणाला, आई आपल्या घरातला एसी इथूनच चालतो का? थेट इथूनच असं नाही रे, ग्रीड असते वगैरे मी समजावलं, पण उत्तर तसं हो असंच होतं. इरई धरणाचं पाणी या वीज केंद्राला जातं आणि त्याच धरणाचा फुगवटा जंगलाला लागून आहे, बोटिंग करतात तिथे लोक. म्हणजे वाघ आणि वीज एकाच पाण्यावर.

आता पहिल्या रात्रीचा रिसॉर्ट. नाव लिहीत नाही, विचारूही नका. गेट बांबूचं, बोर्ड लाकडाचा, रिसेप्शनवर मातीच्या कपात कोकम सरबत, मी म्हटलं वा. रूममध्ये गेलो तर टेबलावर प्लास्टिकच्या चार छोट्या बाटल्या, अगदी दोन घोटात संपणाऱ्या, संपल्या की रूमबॉय अजून चार आणून ठेवायचा. टूथब्रश प्लास्टिकमध्ये, कंगवा प्लास्टिकमध्ये, चप्पल प्लास्टिकमध्ये, नाश्त्याला बटर आणि जॅमच्या त्या चिमुकल्या डब्या. बाथरूममध्ये आरशावर हिरवं पान काढलेला स्टिकर, पाणी वाचवा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका. आणि खिडकीतून बघावं तर भर दुपारी, अंगाची लाही होत असताना, लॉनवर स्प्रिंकलर चालू! चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पाच किलोमीटरवर रानडुकरं चिखल शोधत फिरतायत आणि इथे विलायती गवताला अंघोळ. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, मॅडम गेस्टना हिरवं आवडतं. रात्री स्विमिंग पूलला निळे दिवे आणि कुणाच्या तरी अ‍ॅनिव्हर्सरीचं स्पीकरवर साडेअकरापर्यंत. दुसऱ्या रात्रीचं बुकिंग कॅन्सल केलं, अर्धे पैसे बुडाले, बुडू देत. त्याऐवजी कुठे राहिलो ते पुढे येईलच.

पहाटे साडेपाचला मोहर्ली गेट. बुकिंगचा कागद, आधार कार्ड, नावं जुळवणं, आणि मग वनरक्षक प्रत्येक बॅग बघतो. बघतो म्हणजे खरंच बघतो, मॉलमधल्यासारखी काठी फिरवून पुढे नाही. आमच्या पुढच्या जिप्सीतल्या एका काकांची पाण्याची बाटली काढून घेतली तर त्यांनी वाद घातला, की अहो सीलबंद आहे, मिनरल आहे. जणू मिनरल पाण्याचं प्लास्टिक निराळं असतं! शेवटी बाटली गेटवर राहिली. आमच्याकडे दोन स्टीलच्या बाटल्या होत्या आणि सासूबाईंनी स्वतःचा म्हणून पितळेचा फिरकीचा तांब्या आणला होता, त्यांच्या लग्नातला. आम्ही निघताना घरी चेष्टा केली होती, की आई तीर्थयात्रेला चाललोय का. तर वनरक्षकाने तो तांब्या हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, आजी, हे बेस्ट. त्यानंतर दोन दिवस आम्हाला हे बेस्ट ऐकावं लागलं.

बाटलीवरून एवढी कटकट का, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एक व्हिडिओ सगळीकडे फिरला होता तो आठवत असेल, रामदेगीच्या बाजूला निमढेला बफरमध्ये (बफर म्हणजे मुख्य जंगलाभोवतीचा पट्टा) एक तरुण वाघ पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून घेऊन जातो. लोकांनी त्याच्यावर वाघ स्वच्छता अभियान असले मेसेज टाकले, हसून झालं. मला ते बघून काही हसू आलं नव्हतं. ती बाटली कुणीतरी आपल्यासारख्यानेच टाकलेली असणार, सुट्टीला आलेल्या, मुलांना निसर्ग दाखवायला आणलेल्या.

मोबाईलही आत न्यायचा नाही. कॅमेरा चालतो, मोठ्या लेन्सला वेगळे पैसे. या नियमाचा पर्यावरणाशी काय संबंध असं मलाही वाटलं होतं, पण गाईडने सांगितलं की आधी एका जिप्सीला वाघ दिसला की फोनाफोनी व्हायची आणि दहा मिनिटांत सगळं जंगल तिथे गोळा. शिवाय सेल्फीसाठी जिप्सीतून वाकणारे. आता निदान कानोकान बातमी जायला वेळ लागतो. आमच्या चिरंजीवांचे पहिले वीस मिनिटं खिशात हात घालून चाचपडण्यात गेले, मग तो सांबराचा कॉल आणि चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा त्यांचा इशारा, ओळखायला शिकला, आणि दुसऱ्या सफारीला तोच आम्हाला गप्प बसा म्हणून दटावत होता. एवढ्यासाठी तरी हा नियम आमच्या सोसायटीत लागू करा कुणीतरी.

गाईड बाई होती, जवळच्याच गावातली, बोलणं अस्सल तिकडचं. पाणवठ्याजवळ जिप्सी थांबवून वाघाची वाट बघत होतो तेव्हा तिनेच झाडीमागे बोट दाखवलं, तर दोन सोलर पॅनल, धूळ बसलेली, भोवती काटेरी कुंपण. खाली बोअर आणि पंप, त्यातून एक बारीक पाइप जमिनीखालून येऊन सिमेंटच्या बशीसारख्या पाणवठ्यात सोडलाय, करंगळीएवढी धार. ती म्हणाली, "पयले टँकर येत जाय जी, त्याच्या आवाजानंच जनावर पळून जाय. आता सूर्य निंगाला का पाणी सुरू, कोणी बटन दाबाले नाई लागत." मला हे फार आवडलं. ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त, म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी पंप जोरात. डिझेल नाही, आवाज नाही, माणसाची ये-जा नाही. त्या धारेखाली एक कोतवाल पक्षी अंघोळ करत होता, पाण्यात सूर मारून फांदीवर, परत सूर, परत फांदी. आम्ही वाघाला आलो होतो पण तिथला अर्धा तास त्याच्यावरच गेला. आता कृत्रिम पाणवठ्यांवर जाणकारांमध्ये वाद आहे हेही खरं, सगळी जनावरं एकाच जागी जमली की रोग पसरायची भीती, शिकाऱ्याचंही सोपं होतं, आणि हे पाणवठे नक्की निसर्गासाठी की पर्यटकांना वाघ बसलेला दिसावा म्हणून, असा प्रश्न विचारणारे लोक आहेत. मला दोन्ही पटतं. पण पाणी द्यायचंच ठरलं असेल तर असं द्यावं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जमीन काळी जळालेली दिसली, सासूबाई घाबरल्या, की वणवा लागला होता का. ती जाळरेषा. उन्हाळ्याच्या आधी वनखातं स्वतःच पालापाचोळा जाळून पट्टे मोकळे करतं, म्हणजे पुढे आग लागली तर ती ओलांडून जात नाही. मोहाच्या दिवसात लोक फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, मग आग लागते ती अशी. लगेच त्यांना दोष देऊ नका, त्या फुलांवर घरं चालतात. बफरमधल्या गावांना गॅस, कुंपण, रोजगार वगैरेसाठी राज्य सरकारची जनवन विकास योजना २०१५ पासून आहे, गाईडच्या घरीही गॅस आलाय. सरपणाला बाई जंगलात गेली नाही की लाकूड वाचतं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात हे सांगायलाच नको, बाईसुद्धा वाचते. वाकून सरपण किंवा तेंदूपत्ता गोळा करणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं म्हणतात. हे ती गाईड इतक्या सहज सांगत होती, जसं आपण लोकलमध्ये चौथ्या सीटवरून पडायची भीती सांगतो.

जामणीला मात्र मी गप्प झाले. मोठं मोकळं कुरण, मधे एखादं आंब्याचं झाड, चितळांचा कळप, फोटोसाठी एकदम मस्त. ते गाव होतं. नवेगाव, जामणी ही गावं २०१३-१४ च्या सुमाराला कोअरमधून, म्हणजे आतल्या मुख्य जंगलातून, बाहेर नेली, घरं गेली, शेतं गेली, तिथे गवत आलं, गवतामागे चितळं आली आणि चितळांमागे वाघ. संवर्धनाच्या हिशेबात हे यश आहे आणि डोळ्यांना दिसतंच आहे ते. पण आंबा काही आपोआप असा ओळीत उगवत नाही, कुणीतरी पाणी घालून वाढवलेला असतो. गाईडला विचारलं, ती गावं सोडायला खूश होती का लोकं? ती म्हणाली, "कोणी हाव म्हणे, कोणी नाई म्हणे." एवढंच. पुढे मीही विचारलं नाही.

आणि आता झाकण. तेलिया तलावाच्या रस्त्याला सासूबाईंना तहान लागली, त्यांनी तांब्या उघडला, झाकण मांडीवर ठेवलं, आणि त्याच वेळी जिप्सीचं चाक खड्ड्यात. टण्ण करून आवाज आला आणि झाकण रस्त्यावर, लोळत लोळत कडेच्या वाळक्या पानांत. ड्रायव्हरने ब्रेक लावला. झाकण दिसत होतं, हाताच्या अंतरावर नाही पण फार तर सात-आठ फूट, पितळ चमकत होतं उन्हात. नवऱ्याने पाय बाहेर काढला तशी गाईडने त्याचा दंडच धरला. "उतरता नाई येत जी. खाली पाय ठेवला का माहं कार्ड गेलं." आम्ही इकडे तिकडे बघितलं, वाघ सोडा, एक मोरसुद्धा नव्हता. नवरा म्हणाला दोन सेकंद. ती म्हणाली नाही. काठीने ओढता येईल का तर काठी नाही. शेवटी तिने कागदावर जागा लिहून घेतली, वळण कुठलं, बाजूला झाड कुठलं, आणि म्हणाली गेटवर सांगते, गस्तीवाले जातील. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. पहाटे दुसऱ्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर हसलेली आमची फॅमिली सकाळी आठ वाजता व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये पितळेचा कचरा टाकून पुढे निघाली.

खरं सांगू, तेव्हा राग आला होता मला तिचा. नंतर बफरच्या सफारीत दुसरं टोक बघितलं तेव्हा उतरला. आगरझरीला संध्याकाळी वाघीण रस्ता ओलांडायला आली होती, आणि दोन्ही बाजूंना जिप्स्या लागल्या, पुढच्याची गाडी मागच्याच्या नाकाशी. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे जनावरापासून वीस मीटर तरी लांब राहायचं आणि दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर सोडायचे, कागदावर आहे हे. आमच्या ड्रायव्हरने गाडी मागे घेतली तर मागच्या जिप्सीतल्या साहेबांनी आरडाओरडा, आम्ही काय फुकट आलोय का, पुढे घ्या, पुढे घ्या. वाघीण बसून राहिली झुडपात, ओलांडलाच नाही तिने रस्ता. त्या साहेबांच्या डोक्यावर टोपी होती, तिच्यावर सेव्ह टायगर लिहिलेलं. हे मी रचून सांगत नाहीये. नियम आहेत, गाईड-ड्रायव्हर पाळायला बघतात, पण टिप कोण देणार हे पण त्यांना बघावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं. तुम्ही गेलात तर एवढं करा, ड्रायव्हरला पुढे घ्या म्हणू नका, आणि लांबून दाखवलं तर टिप जास्त द्या.

आणि हो, आमची जिप्सी पेट्रोलची होती, पाणवठ्याशी इंजिन बंद केलं की काय शांतता वाटायची, आणि सुरू केलं की तो भपकारा. बॅटरीवरच्या गाड्यांचा दिवस लवकर यावा अशी फार इच्छा आहे. तिकीट थोडं महाग केलं तरी चालेल.

दुसऱ्या रात्री गावातल्या एका घरात राहिलो, होमस्टे म्हणतात, दोन खोल्या, कूलर, बाहेर बाजा टाकलेल्या. एसी नाही, आणि मे महिन्यात हे सोपं नाहीये, रात्री एकपर्यंत झोप नव्हती कुणालाच, ज्यांना गरम सहन होत नाही त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जा, उगाच मला शिव्या देऊ नका. पण जेवण! पाटोडीचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, पळसाच्या पत्रावळीवर. जेवण झालं की काकूंनी पत्रावळी गोळा करून मागच्या शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या आणि भांडी राखेने घासली. पाणी माठातलं, वाळ्याची जुडी टाकलेलं. कुठे बोर्ड नाही, स्टिकर नाही. मी काकूंना म्हटलं तुमचं सगळं किती इको-फ्रेंडली आहे हो, तर त्या म्हणाल्या, "थाळ्या घ्याच्या आहेत ना वीस-पंचवीस, पाहुणे वाढले. पन आता पैसे नाई पुरत." म्हणजे पुढच्या वर्षी तिथे मेलामाइनच्या प्लेटा असतील, काय बोलणार. मी स्टीलच्या घ्या म्हणून सांगून आलेय.

तिथेच रात्री साडेआठला एक मुलगा सायकलवर आला. गाईडचा भाचा. शर्टाच्या खिशातून झाकण काढलं. गस्तीच्या गाडीतल्यांनी दुपारी उचललं, गेटवर ठेवलं, गेटवरून गाईडकडे, गाईडकडून हा. सासूबाईंनी पन्नासची नोट पुढे केली तर घेईना, मग घरून आणलेले बेसनाचे लाडू दिले, ते दोन घेतले आणि एक तिथेच खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बुकिंग सरकारी साइटवरूनच करा, मे महिन्याच्या शनिवार-रविवारचं खूप आधी भरतं. मंगळवारी कोअर बंद असतं, सगळ्यांनाच आठवड्याची सुट्टी, वाघांनाही, त्याप्रमाणे रजा टाका. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, तेव्हा बफरचे काही गेट चालू असतात. बफरला कमी लेखू नका, तिथल्या गेटचे पैसे गावांच्या समित्यांकडे जातात आणि वाघाला काही कोअर-बफर कळत नाही. ताडोबा तलावाला दुपारी जायला मिळालं तर मगरी दिसतात, काठावर तारू देवाचं ठाणं आहे, वाघाशी लढताना गेलेला गावचा प्रमुख अशी गोष्ट सांगतात, पौषात आदिवासींची जत्रा भरते. कपडे मळकट रंगाचे न्या, नाहीतरी धुळीने होतातच.

रेटिंग म्हणाल तर जंगलाला, गाईडला आणि सोलर पंपाला पाचपैकी पाच. काकूंच्या भरिताला सहा. स्प्रिंकलरवाल्यांना अर्धा, तोसुद्धा मातीच्या कपासाठी.

झाकणाला एक पोचा पडलाय, आटे नीट बसत नाहीत, पूर्ण फिरतच नाही. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर ठेवला होता तांब्या आणि पहाटे कसाऱ्याच्या आसपास खालच्या काकांच्या पायावर निम्मा सांडला.